धावड्याचं विरजण

माझ्या अक्षराला आमची मुलगी कोंबडीचे पाय म्हणते, आणि ते खरंच आहे. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून माझं लिहिणं म्हणजे दुधाच्या मापाच्या रेघा कोळशाने भिंतीवर ओढणं, एवढंच. म्हणून यात वेलांट्या चुकलेल्या असतील, ओळी उतरणीला लागलेल्या असतील. पण धावड्याला जाऊन आल्यापासून मनात होतं की हे कुठेतरी लिहून ठेवावं. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, तिथे लिहिते आहे. दाखवायचं कोणाला नाही. तरी कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

ज्या साली आखातात लढाई लागली, त्या सालची ही गोष्ट. लढाई कुठे आणि आमचं हसनाबाद कुठे. पण आमच्या रेशनच्या दुकानात रॉकेल महिन्यातून एकदा आणि तेही अर्धंच येऊ लागलं. बाकीचं मागच्या दाराने दुप्पट पैशांत. कापसाच्या पळाट्या पावसाळ्यात ओल्या, बाभळीचं सरपण दोन कोस लांब. त्याच वेळी गोबर गॅस बांधणारा एक मिस्त्री गावात आला. तुमच्याकडे चार जनावरं आहेत, सरकार निम्मं देतं, निम्मं तुम्ही घाला, असं त्याने सांगितलं. आमचे मालक म्हणाले, "शेणावर पैसे कोण घालतं?" आणि विषय संपला.

माझा संपला नव्हता. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण एकटीने हट्ट करता येतो. मोठ्या जाऊबाई, त्यांना मी आक्का म्हणते, शेजारच्याच अंगणात वेगळ्या राहतात. त्यांनी तीन शेळ्या विकल्या होत्या. त्यातले नऊशे रुपये त्यांनी मला दिले. देताना म्हणाल्या, "गया, बुडवलेस तर तुझ्या दारात बसून शेळीसारखी ओरडंन मी."

खड्डा झाला, वर लोखंडी टोपण बसलं. गॅस तयार झाला की ते टोपण आपोआप वर उचललं जातं, असं मिस्त्री सांगून गेला. रोज शेण-पाणी कालवून मी आत सोडत होते. एक महिना गेला, दोन गेले. टोपण रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं बसलं ते बसलंच. मालक म्हणाले, अखितीच्या सणापर्यंत वाट पाहीन, मग टोपण भंगारात देऊन खड्ड्यात शेंगा साठवीन.

मिस्त्री एकदा परत आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, याला विरजण पाहिजे. धावड्याला देवकाबाईचा प्लांट मीच बांधलेला हाय, बारा महिने चालतो. तिथला शेणकाला आणून टाका." तो दुसऱ्या गावच्या कामावर निघून गेला आणि मी दोन रिकामे रॉकेलचे डबे घासून ठेवले. शिमगा होऊन गेला होता. एकटीने एवढ्या लांब जायची छाती होत नव्हती. आक्का आपणहून म्हणाल्या, "मीबी येते. माझ्या शेळ्या कोणत्या खड्ड्यात गेल्या ते कळलं पाहिजे मला."

राजूर

राजूरच्या स्टँडवर भोकरदनच्या गाडीला वेळ होता. आक्कांनी भजी घेतली. इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हसनाबादला आम्ही भज्यांबरोबर मिरची खातो, इथे मिरचीबरोबर थोडी भजी खातात. आमच्या पायाशी दोन्ही डबे होते. एक बाई येऊन अगदी जवळ टेकली.

"माय, कुठं भेटून राह्यलं?"

"काय?" आक्का म्हणाल्या.

"रॉकेल."

"रॉकेल न्हाई ओ. आम्ही शेण आणाया चाललो."

ती बाई रागावली. "सांगायचं नसंल तर नका सांगू. थट्टा कामून करता?"

आणि उठून गेली. थोड्या वेळाने पाहते तर आपला डबा घेऊन आमच्या मागेच उभी. तिच्या मागे बाटली घेतलेले एक म्हातारबाबा. आम्ही पाण्याच्या नळाकडे गेलो की ते नळाकडे, आम्ही सावलीत गेलो की ते सावलीत. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की घरी परत जावं वाटलं.

तिथल्या गणपतीच्या देवळात डबे घेऊन जाता येईना, म्हणून आळीपाळीने दर्शन घेतलं. लोक राजूरच्या गणपतीकडे लेकरं मागतात, नोकरी मागतात. मी गॅस मागितला. मागताना आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. बाहेर आले तर आक्का म्हणाल्या, "मी शेळ्या मागितल्या. तुझा गॅस झाला तरी मला काय त्याचं?"

ती बाई भोकरदनपर्यंत आमच्या गाडीत आली. तिथे आम्ही धावड्याच्या गाडीत चढताना पाहून मात्र तिचा धीर सुटला. "एवढ्या लांब? न्हाई बाई, त्यापरीस अंधारात जेवलेलं बरं," असं म्हणून ती उतरत्या माणसांत मिसळून गेली.

धावडा

आमच्याकडे जमीन पाटासारखी सपाट. धावड्याकडे जाताना ती हळूहळू उठायला लागते आणि समोर डोंगराची रांग दिसते. पळस फुललेला होता. आक्कांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "सरपण लई हाय इकडं." मला फुलं दिसली, त्यांना लाकडं. दोघींचं खरं होतं.

देवकाबाईंचं घर विचारावं लागलं नाही. वेशीवरच्या पोराने आमचे डबे पाहिले आणि आपणच बोट दाखवलं. उंच, सुकलेल्या अंगाची, साठीची बाई. नवऱ्याच्या मागे शेती त्याच पाहतात. त्यांच्या अंगणातलं टोपण कमरेइतकं वर आलेलं होतं. मी ते पाहतच राहिले. लग्नात पहिल्यांदा नवरा पाहावा तसं चोरून चोरून पाहिलं.

"आधी हातपाय धुवा, मंग त्याच्याकडं पाहा. ते कुठं पळून न्हाई जायचं," देवकाबाई म्हणाल्या.

त्यांचं माहेर डोंगरापलीकडचं, खानदेशातलं. म्हणून भाकरी कळण्याची, ज्वारीत उडीद मिसळून दळलेली. आमच्या भाकरीपेक्षा काळपट आणि जाड. बरोबर वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा. हे सगळं त्यांनी शेगडीवर केलं, आणि स्वयंपाकघराची भिंत पांढरी होती. आमच्या भिंतीवर बोट ओढलं तर काजळ निघतं. आक्का शेगडीजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "जाळ कुठं हाय?" दिवसाउजेडी तो निळा जाळ दिसतच नाही. त्यांनी हात पुढे केला आणि "आय गं" म्हणून मागे घेतला.

"सापडला का?" देवकाबाईंनी विचारलं.

आक्का बोट तोंडात घालून म्हणाल्या, "सापडला. पण भाकरीला धुराचा वास न्हाई. चव कशी येणार?" पुढे त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

जेवण झाल्यावर आमच्या प्लांटची सगळी हकिकत आक्कांनीच सांगितली. टोपण किती बसलं, मालक काय म्हणाले, नऊशे रुपये कोणाचे, हे तर दोनदा. देवकाबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"गुरांचं कोण पाहतं?"

"मी," मी म्हणाले.

"औंदा गोचीड झाल्ती का?"

झाली होती. थंडीत बैलांच्या कानांत, म्हशीच्या कासेला, सगळीकडे गोचीड. मी काय काय केलं ते त्यांनी एकेक विचारून काढलं. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने गुरं धुतली. तंबाखूचं पाणी चोळलं. गोठ्यात खाली लिंबाचाच पाला अंथरला, दोन महिने रोज ताजा.

"आणि ते पाणी अन् पाला कुठं टाकला?"

आमच्या आईने शिकवलं होतं, काही वाया घालवू नये. गोठा धुतलेलं सगळं पाणी, शेणात मिसळलेला पाला, मी सगळं त्या खड्ड्यात सोडलं होतं. शेणाला जास्तीचं पाणी विहिरीवरून आणायचं वाचत होतं. मी तर मनात स्वतःला हुशार समजत होते.

"खड्ड्यात," मी म्हणाले.

देवकाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं माय, गॅस शेण न्हाई करत. शेणातली बारीक जित्राबं करतात. डोळ्याला दिसत न्हाई इतकी. लिंबानं गोचीड मरती, तंबाखूनं मरती, मंग ती मरायची न्हाईत का? तू त्यांना दोन महिने रोज औषध पाजून राह्यलीस."

आक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "माझ्या शेळ्या लिंबाचा पाला खाऊन गेल्या म्हणायच्या."

मला हसू आलं आणि रडूही. मी विचारलं, मग आता विरजण टाकून उपयोग आहे का? देवकाबाई म्हणाल्या, नासलेल्या दुधात विरजण टाकून दही होत नाही. आधी खड्डा अर्ध्याच्या वर उपसायचा, पण बादलीने, वरून. आत माणूस उतरवायचा नाही, जीव जातो. विरजण एकदम ओतायचं नाही. मोठ्या पिंपात ताज्या शेणाबरोबर आठ दिवस वाढवायचं, मग सोडायचं. आणि पहिल्यांदा टोपण वर आलं की तो गॅस सोडून द्यायचा, तो जळत नाही. दुसऱ्या वेळचा जळतो.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर शेताकडे गेले. प्लांटातून बाहेर पडलेला शेणकाला पाटाने थेट वावरात जात होता. मी धीर करून विचारलं की हे येतं तरी कुठून, म्हणजे गॅस. शेण तर आम्ही जन्मापासून पाहतो.

त्यांनी उभ्या ज्वारीचं एक ताट उपटलं. माझ्या डोक्यावरून हातभर उंच होतं. "हे केवढं झालं? अन् जिथं उगवलं तिथं एवढा खड्डा पडला का?"

मी खाली पाहिलं. खड्डा नव्हता.

"मंग ताट आलं कुठून? मातीतनं असतं तर दर साली वावर हातभर खाली गेलं असतं. हे वाऱ्यातनं आलं. हवेत कोळसा असतो, पाण्यात मीठ असतं तसा, दिसत न्हाई. पानं तो खातात, उन्हात शिजवतात, त्याचं ताट होतं. म्हणून तर ताट जाळलं की काळा कोळसा निघतो. तो आधीच त्यात होता. ताट बैल खातो. थोडं श्वासातनं सोडतो, थोडं शेणातनं. शेणाचा गॅस. गॅस जळला की कोळसा परत वाऱ्यात. पुढच्या साली परत ताट."

"म्हणजे तोच कोळसा फिरतो?"

"तोच. जात्याच्या पाळीसारखा. गरगर. जेवढा घेतला तेवढा परत."

"आणि रॉकेल?"

"तेबी असंच कधीकाळचं झाड-जित्राब. पण लई जुनं, जमिनीत गाडलेलं. ते काढून जाळलं की कोळसा वर जातो, अन् परत खाली गाडायला तेवढी वर्षं कोणापाशी हायत? वरच साठून राह्यला. मिस्त्री म्हणत व्हता, त्यानं हवा तापंल. तापती का न्हाई ते मला न्हाई माहीत. मला एवढंच माहीत, की रॉकेलाची तोटी दुसऱ्याच्या हातात असती. तिकडं दोघं भांडले की इकडं माझी चूल विझती. बैलाचं शेण कोणी अडवत न्हाई."

मी ते ताट हातात घेतलं. तेवीस वर्षं मी ज्वारी खुरपली होती, काढली होती, खाल्ली होती. ताटाखाली खड्डा का पडत नाही, हे मला एकदाही वाटलं नव्हतं.

परतताना

सकाळी देवकाबाईंनी दोन्ही डबे भरून दिले. वर कापड बांधलं आणि बजावलं, झाकण घट्ट लावू नका, आतलं जित्तं आहे. आम्ही हो म्हणालो. वेशीबाहेर आलो तसा आक्कांनी दगड घेतला आणि दोन्ही झाकणं ठोकून बसवली. "वास येतो. माणसांत बसायचं हाय आपल्याला," त्या म्हणाल्या. तिथे मी बोलायला हवं होतं.

या वेळी थेट राजूरपर्यंतची गाडी मिळाली, पण कंडक्टर दारातच आडवा. "रॉकेल गाडीत चालत न्हाई."

"शेण हाय," आक्का म्हणाल्या.

"डब्यात? शेण? डब्यात भरून?" त्याने गाडीतल्या लोकांकडे पाहिलं. सगळे आमच्याकडे पाहत होते. "बरं, शेण तर शेण. टपावर टाका. उद्या कोणी विचारलं तर मला काही माहीत न्हाई." त्याचा बिलकुल विश्वास बसला नव्हता. एका पांढऱ्या धोतरातल्या काकांनी हळूच पुढे वाकून विचारलं, "बाटलीभर द्याल का? योग्य तो भाव देतो."

ऊन चांगलंच चढलं होतं. टपाचा पत्रा तव्यासारखा तापला असणार. अर्ध्या वाटेवर डोक्यावर बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. टायर गेला म्हणून सगळे खिडकीतून वाकले, आणि काकांनी वाकायला आणि वरून ओघळ यायला एकच गाठ पडली. पांढऱ्या धोतरावर, पांढऱ्या टोपीवर हिरवट शेणकाला.

ते गाडीत सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर शेणच हाय."

"मी काय सांगून राह्यले मंग सकाळपासून?" आक्का म्हणाल्या.

गाडीत हसू पसरलं, पण कंडक्टर चिडला. दुसरा डबा खाली टाका, गाडी घाण करता, धुवायचा खर्चा कोण देणार, उतरा इथेच. तो टपावर चढायला निघाला. दुसरा डबा रस्त्यावर ओतला गेला असता तर सगळंच गेलं असतं. आक्का पहिल्यांदाच गप्प झाल्या होत्या. मग माझ्या तोंडातून आवाज आला. माझा मलाच ओळखू आला नाही.

"भाऊ, ते टाकू नका. ते विरजण हाय."

आणि मी सांगत गेले. ताटाखाली खड्डा पडत नाही ते, हवेतला कोळसा, बैल, शेण, जित्राबं, आणि त्यांना मी पाजलेला लिंब. डबा फुटला म्हणजे ती जिवंत आहेत, गॅस करतात, हेही सांगितलं. रॉकेलाची तोटी तिकडे आणि बैल इकडे, तेही. सांगताना मी समोरच्या सीटच्या दांड्याकडे पाहत होते.

काका धोतर झटकत म्हणाले, "खड्डा पडत न्हाई, हे मातर खरं हाय. ध्यानातच आलं न्हाई आजवर."

मागून कोणीतरी म्हणालं, "मंग डोंगरावरचं झाडबी हवेतनंच आलं का?"

"ते हिला उतरल्यावर विचारा," कंडक्टर म्हणाला. मग टपावर चढला, दुसऱ्या डब्याचं झाकण त्यानेच सैल केलं. फुस्स असा आवाज खालपर्यंत ऐकू आला. खाली येऊन घंटी ओढताना मला म्हणाला, "ताई, जल्दी पोचवतो. तुमची जित्राबं मरायच्या आत." टप मात्र त्याने राजूरला आक्कांकडूनच धुऊन घेतला. काकांना मी माझं लुगड्याचं गाठोडं सोडून एक जुनं फडकं दिलं. त्यांनी धोतराचे पैसे मागितले नाहीत. फक्त एवढं म्हणाले, की घरी गेल्यावर हे कोणाला पटणार नाही.

त्यानंतर

दीड डबा विरजण घरी पोचलं. मालकांनी खड्डा उपसला. तीन दिवस लागले, आणि तिन्ही दिवस त्यांनी मला एक शब्द बोलू दिला नाही, सगळे शब्द तेच बोलत होते. पिंपात विरजण वाढवलं. गुरांना लिंब लावायचा तर लावला, पण ते पाणी दूर उकिरड्यावर. पाडव्याच्या सुमाराला पिंपातलं सगळं खड्ड्यात सोडलं. चैताचं ऊन मदतीला होतंच.

एका सकाळी टोपण चार बोटं वर आलेलं होतं. मालकांनी काडी ओढली, काडी विझली. "झालं?" ते म्हणाले. मी म्हणाले, हा पहिला, हा जळत नाही, सोडून द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिला. अखितीला चार दिवस राहिले असताना टोपण परत वर आलं. या वेळी काडी मी ओढली. फक् करून पेटला. दिसला नाही, म्हणून हात पुढे केला आणि चटका बसला. मला इतका आनंद झाला की तो चटका मी दिवसभर पाहत होते.

रॉकेलाचा दुप्पट भावाचा पैसा वाचायला लागला तो एका जुन्या चहाच्या डब्यात टाकत गेले. मोसंबीवाले शेजारी शेणकाला बैलगाडीने नेऊ लागले, त्याचेही थोडे आले. आक्का रोज संध्याकाळी येऊन शेगडीपाशी बसायच्या. जाळ आहे ना, एवढंच पाहायला आले म्हणायच्या, आणि चहा पिऊन जायच्या. कधी पन्नास, कधी तीस, कधी दहासुद्धा, असं मी त्यांच्या हातावर ठेवत गेले. दोन पावसाळे गेले.

मागच्या सोमवारी शेवटचे पंचेचाळीस दिले. आक्कांनी चहाची बशी खाली ठेवली, नोटा मोजल्या, उलट्या करून परत मोजल्या.

"अन् व्याज?"

मी म्हणाले, "तुम्ही दोन वर्षं रोज इथं च्या प्यालात. तो काय वाऱ्यातनं आला का?"

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. मग डोळे पुसले, नोटांची घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवून पिशवीची नाडी आवळली, आणि म्हणाल्या, "बराबर हाय. नऊशे पुरे झाले."